कर्ता नसलेलं वाक्य

शहापूर

चि. स्वरूप,

परदेशांना द्यायच्या मदतीच्या आढाव्याचा तुझा अहवाल तू मला इंग्रजी तपासायला पाठवलास. त्यातल्या एका गरीब देशात पुढारी एकमेकांच्या उरावर बसलेत, म्हणून ‘मुलांच्या लसींची मदत थांबवण्यात यावी’! आज हे मी कामाला येणाऱ्या ठकूला सांगितलं.

‘‘भांडतात पुढारी नि पोरांची सुई बंद? कोन करतंय गो बाय?’’ ती म्हणाली.

अरे शहाण्या, वाक्याला कर्ता लागतो, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला छडीने शिकवलं आणि मी तुला लाडाने. ‘मी थांबवतो’ असं लिहायला लाज वाटली?

आणि काल मी काय केलं? स्वल्पविराम सुधारले, ‘छान’ असा शेरा मारला, अहवाल परत पाठवला. थांबवणाऱ्यांत आता मीही आहे. हे पत्र पाठवायला मला तोंड नाही.

तुझ्यावर आणि स्वतःवर चिडलेली,
कमळमावशी