बत्तिसावी ओळ

नाना, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि या हिवाळ्यात मी सट्टा लावायला लागले. समोर बसून हे सांगता आलं नसतं. तुम्ही आधी चष्मा काढला असता, रुमालाने सावकाश पुसला असता आणि मग विचारलं असतं, "कशावर?" तर टेनिसवर. कधी बास्केटबॉलवर. खेळातलं मला काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही. इथे न्यू जर्सीत हे कायद्याने चालतं, फोनवर त्याची ॲप्स असतात, आणि एकाच सामन्याला प्रत्येक ॲप वेगळा भाव देतं. एका ठिकाणी एका खेळाडूला दोन पॉइंट शून्य आठ, म्हणजे डॉलर लावला तर दोन डॉलर आठ सेंट हातात. दुसऱ्या ठिकाणी त्याच्या प्रतिस्पर्ध्याला बरोबर दोन. हजार डॉलर या दोघांत नीट वाटले, इकडे चारशे नव्वद आणि तिकडे पाचशे दहा, की कोणीही जिंको, हजाराचे एक हजार एकोणीस-वीस होतात. वाटणी किती करायची ते माझं स्प्रेडशीट सांगायचं. मी वर भाव टाकायचे, तळाशी दोन आकडे यायचे, एक डावा आणि एक उजवा. तुमच्या तराजूसारखंच. दोन्हीकडे सारखं झालं की मी बटण दाबायचे.

तुमच्या जावयांची नोकरी दिवाळीच्या सुमारास गेली. ऑगस्टमध्ये तुमची नात कॉलेजला जाणार आहे. तिच्या फीसाठी वेगळं ठेवलेलं खातं आहे, त्यातले सहा हजार मी कोणाला न विचारता काढले. जुलैपर्यंत वाढवून परत भरायचे, असं ठरवलं होतं. मी एका डेंटिस्टकडे पगारपत्रकं करते, आकड्यांची भीती मला कधी वाटली नाही. शिवाय यात हरणं नाहीच, असं मी स्वतःला रोज समजावत होते.

मात्र त्या सामन्यांचं काहीतरी विचित्र होतं. दुपारी दोनला घरात लख्ख उजेड, बाहेर डेकवर बर्फ, आणि टीव्हीवर कुठल्यातरी देशातल्या रिकाम्या गॅलऱ्यांसमोर दोन अनोळखी बायका खेळतायत. टाळ्या नाहीत, नुसता चेंडूचा टप टप आवाज. दोघींवर माझे पैसे. एक दिवस लेक सोफ्यावर येऊन बसली.

"आई, हू आर यू रूटिंग फॉर?"

"कोणाच्याच बाजूने नाही."

"मग बघतेस कशाला?"

"संपायची वाट बघतेय."

"दॅट्स सो क्रीपी, आई," असं म्हणून ती हसत वर गेली. मी हसले नाही. दोघींपैकी एक पडली, घोटा धरून बसली, आणि माझ्या मनात काहीही हललं नाही. हे असं पूर्वी कधीतरी झालंय, एवढंच वाटलं. कधी, ते आठवेना.

महिन्याभरात एक गोष्ट ध्यानात आली. शीटमधल्या डाव्या बाजूचा खेळाडू जिंकला की पैसे कमी यायचे. एकोणीस डॉलर यायला हवेत तिथे पाच, आणि रक्कम लहान असली तर उलट खिशातलेच दहा-बारा जायचे. उजवा जिंकला तर अपेक्षेपेक्षा जास्त. मी सूत्र तपासलं, बरोबर होतं. कॅल्क्युलेटरवर सूत्र करून बघितलं, बरोबर; शीटच्या तळाच्या आकड्याशी मात्र ताडून बघितलं नाही. तुटके आकडे दिसले की ॲपवाल्यांना संशय येतो, म्हणून मी तळाचा आकडा पाचाच्या पटीत गोल करायचे, रक्कमही रोज वेगळी; त्यामुळे नेमकं काय कमी पडतंय ते दिसत नव्हतं. आणि डावे जिंकतच राहिले. सलग सहा सामने डावे जिंकले. मी खेळाडूंच्या बाजू बदलून लिहायला लागले, ज्याची हरायची शक्यता जास्त त्याला डावीकडे. तरी तोच जिंकायचा. एका शनिवारी तुमचे जावई किचनमधून म्हणाले, "चहा टाकू का? आणि कोणाशी बोलतेयस?" मी कोणाशी बोलत नव्हते. मग कळलं, मी बराच वेळ "डावं नको, डावं नको" म्हणत होते.

तेव्हा तुमची आठवण आली. बार्शीचा बाजार, मी नऊ वर्षांची. तुमच्या हातात ती लाकडी पेटी आहे, आत लाल मखमलीवर पितळी वजनं. "चिमट्याने उचलायचं. बोट लावलं की बोटाचं वजन त्याला लागतं," असं तुम्ही सांगितलंय, आणि मी हात मागे बांधून चालतेय. वजनमापं तपासणारे साहेब आले म्हणून अर्ध्या दुकानांच्या फळ्या ओढल्या जातायत. ज्वारीवाला मात्र गादी झटकून म्हणतो, "बसा की साहेब. पोरीला बत्तासा देऊ का?" त्याची रिकामी तागडी एकदम सरळ लटकतेय. तुम्ही एका पारड्यात किलोचं वजन ठेवता, दुसऱ्यात ज्वारी ओतून घेता. काटा मधोमध. मला वाटतं झालं, आता बत्तासा. तुम्ही म्हणता, "आता इकडचं तिकडं कर." तो गडबडतो. वजन या पारड्यात, ज्वारी त्या पारड्यात, आणि दांडी एकीकडे धप्पकन खाली. दांडीची एक बाजू नखभर आखूड होती, आणि रिकामी असताना ते दिसू नये म्हणून त्या बाजूच्या पारड्याच्या बुडाला चिंच चिकटवली होती. काळी, वाळलेली, बोराएवढी.

"पोरं चिंचा खात्यात साहेब, लागली असंल कुठनं तरी."

"पोरं पारड्याखाली बसून खातात होय?" तुम्ही म्हणालात, आणि जमलेले सगळे हसले. मीही पोट धरून हसले. घरी येताना तुम्ही माझ्यावर रागावलात. "त्याला हसू नको. चिंच कुठं आहे ते त्याला रोज माहीत असतं. रोज सकाळी दुकान उघडलं की त्याचा हात आधी तिथं जाऊन येत असेल." मला तेव्हा त्या हाताची भीती वाटली होती. कितीतरी दिवस जेवताना मी ताटाखाली हात घालून बघायचे.

तर गेल्या रविवारी मी इकडचं तिकडं केलं. डावीकडचा भाव उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. उजवीकडचे पाचशे दहा आता डावीकडे यायला हवे होते. आले चारशे सत्त्याण्णव. तेरा कमी. दुसरे भाव टाकले, रक्कम दुप्पट केली, निम्मी केली. प्रत्येक वेळी डावीकडे तेरा कमी. खोलीत हीटरचा आवाज होता, तोही थांबला. मग मी ओळींचे क्रमांक वाचत खाली गेले. तीस, एकतीस, तेहतीस. बत्तीस नव्हतीच.

लपवलेली ओळ दिसत नाही, पण बेरजेत धरली जाते; उघडायला एक क्लिक लागतं. उघडली. माझ्याच हातची होती. "रजा", आणि डाव्या रकान्यात उणे तेरा. उजवा रकाना रिकामा.

सट्ट्याचं शीट मी नव्याने बनवलं नव्हतं, नाना. एका जुन्या फाइलची कॉपी करून दिसेल तेवढं पुसलं होतं. ती फाइल तुम्ही सोलापुरात हॉस्पिटलमध्ये होतात तेव्हाची. तेव्हा डाव्या रकान्यावर लिहिलेलं होतं "आत्ता" आणि उजव्यावर "नंतर". भाऊ फोनवर म्हणत होता, "ताई, येतेस ना? नाना सारखं विचारतायत." मी म्हणत होते, "रजेचं बघते रे." आणि खरंच बघत होते. तिकीट, रजा, तेव्हा सहा वर्षांची असलेली लेक, सगळं दोन रकान्यांत. आत्ता गेले आणि तिथे असताना तुम्ही गेलात, तर तेराव्यापर्यंत थांबावं लागेल, म्हणून डावीकडे उणे तेरा. तेवढ्याने "आत्ता"ची बेरीज शून्याखाली गेली. मी लॅपटॉप तुमच्या जावयांसमोर धरला, त्यांनी तळाचे आकडे बघितले आणि म्हणाले, "मग नंतरच जा." चौथ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. मी आले, नऊ दिवस राहिले आणि परतले. तेराव्याला मी नव्हतेच. ते तेरा दिवस मी कधी घेतलेच नाहीत. ती ओळ नसती तर "आत्ता" जमत होतं, आरामात जमत होतं. मला तुम्हाला नळ्यांत बघायचं नव्हतं, एवढंच होतं.

रविवारीच चहाच्या वेळी मी तुमच्या जावयांना पैशांचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"किती उरलेत?"

"पाच हजार आठशे चाळीस."

"उद्या परत भर. वरचे एकशे साठ मी बघतो." मग कप उचलत, "पण चूक काय होती शीटमध्ये?"

"जुनी एक ओळ राहिली होती."

"तुझ्यासारखीच्या हातून?" ते म्हणाले, आणि बिस्किट बुडवलं.

पैसे सोमवारी भरले. ॲप्स काढून टाकली. हे मी त्याच फाइलमध्ये एक नवं पान उघडून लिहिते आहे, आणि ते इथेच राहील. ओळ राहिली होती असं मी त्यांना सांगितलं, ते मात्र खरं नाही. ओळ आपोआप लपत नाही, ती निवडावी लागते आणि लपव म्हणून सांगावं लागतं. जावयांसमोर लॅपटॉप धरण्याआधी मी ते केलं होतं. आणि या हिवाळ्यात कॉपी करून पुसायला बसले, त्या पहिल्या दुपारी माझी नजर एकतिसावरून तेहतिसावर गेली होती. मला दिसलं होतं, नाना. मी क्षणभर थांबले, आणि पुढची ओळ पुसायला घेतली.