पोईचं झाकण

सोमवार, ४ मार्च
वहीबाई, आधी सगळ्यांची खुशाली. माझा उजवा गुडघा? कुरकुरतोय, पण चालतोय. डावा रुसलाय. अळूची खाचरं? वरची दोन टवटवीत, खालच्यात गोगलगायी शिरल्यात मेल्या! शेजारचा अनालू खोकतोय, तोंड मात्र ठणठणीत. आणि माझी लेक नोहेआ — तिचं काही कळत नाही. जेवते, हसते, खिडकीबाहेर बघत बसते. तू बरी असशील. एकाहत्तर वर्षांच्या बाईचं गिचमिड सोसतेस.

टपाल अनालूच घेऊन आला. "लुइका, पोरीला लास वेगासहून पत्र! चालली वाटतं नवव्या बेटावर." आपली बेटं आठ. नववं तिकडे वाळवंटात. आमचं निम्मं केआनाए गाव तिथं जाऊन बसलंय, म्हणून हा चावटपणा.

"तुझ्या जिभेला हाड नाही," मी म्हटलं.

"आणि तुझ्या घराला भाडं नाही! या बेटावर पोरांना छप्पर परवडतं का, विचार एकदा."

पत्र तिने टेबलावर उघडंच टाकलं होतं. वाचलं. इस्पितळात नर्सची नोकरी. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं.

मंगळवार, ५ मार्च
पहाटेच अळूचे कंद वाफवले, सोलले, पाटावर दगडी बत्त्याने ठेचले. हात भरून आले, पण पोई अशी झाली — लोणी!

"दोघींना एवढी कशाला गं?" नोहेआ म्हणाली.

"असू दे. आंबली की मला जास्त आवडते."

जेवायला बसलो. "आई, एक बोलायचं होतं —"

मी भांड्यावरचं झाकण काढलं. झालं! पोई उघडी असताना भांडण नाही, ताटातुटीचं बोलणं नाही. अळू आपला थोरला भाऊ — आधी तो जन्मला, मग माणूस — तो ऐकत असतो. हे मीच तिला शिकवलं, बोटभर होती तेव्हा. तिने तोंड मिटलं. दोन बोटं बुडवली, चाटली.

"गोड आहे," म्हणाली.

जिंकले!

बुधवार, ६ मार्च
झाकण दिवसभर लावलंच नाही. माश्या बसतात म्हणून वर ओलं फडकं टाकलं — फडकं म्हणजे काही झाकण नव्हे. नोहेआ तोंड उघडते, भांड्याकडे बघते, मिटते.

संध्याकाळी अनालू आला. सुक्या मासळीबरोबर भसाभसा अर्धं भांडं रिकामं केलं. जाताना म्हणतो, "भांडं उघडं ठेवून कुणी विमान थांबवलंय का गं?"

असा राग आला! पण भांडं उघडं. गिळला.

गुरुवार, ७ मार्च
जीव थाऱ्यावर नाही. खाचरात गेले, परत आले, पुन्हा गेले. चार गोगलगायी वेचल्या, बाकीच्या तशाच सोडल्या.

दुपारी जेवायला बसले तर भांडं काठोकाठ भरलेलं! काल अनालूने हाणल्यावर अर्धंही उरायला नको होतं. एक घास घेतला. गुठळ्या! माझ्या पोईत गुठळी? उभ्या जन्मात नाही. पाट बघितला — ओला. नोहेआ हात पाठीमागे धरून उभी.

"बत्ता जड आहे गं," एवढंच म्हणाली.

म्हणजे भांडं रिकामं होऊन बोलायची वेळ येऊ नये, असं तिलाही वाटत होतं! मला वाटत होतं, मी एकटीच पळतेय. पोरगी माझ्याबरोबर पळत होती. हो म्हणावं तर आई सुटते, नाही म्हणावं तर बाकी सगळं. उद्या शुक्रवार. मी मुकाट्याने गुठळ्या खाल्ल्या. सगळ्या.

शुक्रवार, ८ मार्च
सकाळी भांड्याच्या कडा बोटाने निपटून घेतल्या. झाकण लावलं. वर हात ठेवून बसले.

"आता बोल."

"आई, काढ ना ते झाकण."

"आधी बोल."

रडली, मग बोलली. मी ऐकलं — थोरल्या भावाने नाही, मी. दहा वाजता तिने फोन केला. हो म्हणाली.

शनिवार, ३० मार्च
नोहेआ, ही वही तुझ्या पेटीत कपड्यांखाली ठेवतेय. आईचं चोरून वाचायची तुला लहानपणापासून खोड, आता राजरोस वाच. पुढची पानं कोरी आहेत, ती तुझी. आधी सगळ्यांची खुशाली लिही — मग काय ते. भरली की परत पाठव. नको, एक पान झालं तरी पाठव. लवकर!