बापूंना पडलेलं एक मत

४ नोव्हेंबर, सोमवार

भाऊबीज करून माहेराहून परत आले. एस.टी.तून खाली पाय टाकते न टाकते तोच पारावरनं आवाज — "काय वैनी, बापूंनी ओवाळणीत काय घातलं?" सगळे खी खी खी! मीही हसले. न हसून सांगते कुणाला.

पाच वर्षं हेच चाललंय. माझं माहेर बापूंच्या गावचं, एवढाच माझा गुन्हा. बापू म्हणजे आमदारकीला साहेबांच्या विरोधात उभे राहणारे. मागच्या खेपेला पहिल्यांदाच उभे राहिले नि आपटले, यंदा परत उभे आहेत. आणि आमचं हे सासरचं गाव साहेबांचं. म्हणजे किती साहेबांचं? तर त्याआधीच्या तिन्ही निवडणुकांत आमच्या बूथवर समोरच्याला भोपळा! मतं पडायची ती सगळी एकाच चिन्हाला. त्याचा गावाला कोण अभिमान!

मी लग्न होऊन आले मे महिन्यात. ऑक्टोबरात निवडणूक झाली आणि बापूंना गावात एक मत पडलं. एकच! झालं. नवी सून, माहेर तिकडचं — आणखी कुणाकडे बघायचंच कशाला? आणि मी बटण दाबलं होतं साहेबांचं! देवाशपथ. सासरचा गट तो आपला गट, असं आईनं बजावून पाठवलं होतं मला. पण ऐकतो कोण!

७ नोव्हेंबर

ब्लाऊज टाकायला लीलाबाई आल्या. माप देता देता म्हणतात, "यंदा तरी नीट बटण दाब गं बाई. आण्णांचा फेटा ऱ्हायलाय."

फेट्याचं काय ते लिहून ठेवते. ज्या गावात समोरच्याला भोपळा, त्या गावच्या बूथप्रमुखाला विजयसभेत साहेब स्वतःच्या हातानं फेटा बांधतात. आमचे बूथप्रमुख म्हणजे माझे सासरे, नाथाजी आण्णा. तीन वेळा बांधून घेतला. मागच्या खेपेला त्या एका मतानं घालवला, आणि फेटा गेला ओढ्यापलीकडच्या गावाला. गावाच्या फार जिव्हारी लागलं ते.

पण आण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत कधी. उलट कुणी विषय काढला की खाकरतात आणि उठून गोठ्याकडे जातात. देवमाणूस आहे.

९ नोव्हेंबर

प्रचाराची गाडी सकाळपासून सहा वेळा दारावरनं गेली. तेच गाणं. शेजारची म्हैस आटली म्हणे त्या आवाजानं!

१३ नोव्हेंबर

घात झाला. आण्णा पदयात्रेला निघाले होते, वाट जवळची म्हणून उसाच्या बांधावरनं गेले. पाणी सोडलेलं होतं, घसरले ते पाटातच. खुब्याचं हाड मोडलं. कराडला दवाखान्यात नेलं. ऑपरेशन करावं लागणार. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, तिथंच राहिल्यात.

मी डबा घेऊन गेले तर म्हातारा डॉक्टरांच्या हातापाया पडतोय. "वीस तारखेला मला मताला गावी न्या. खाटंवर घालून न्या, पण न्या!" डॉक्टर म्हणाले, काही झालं तरी नाही. आण्णांच्या डोळ्यांत खळ्ळकन पाणी आलं. मी म्हटलं, आवं आण्णा, तुमच्या एका मतावाचून साहेब काय पडतायत का! तर भिंतीकडं तोंड करून निजले.

एवढं काय जीव लावायचा निवडणुकीला!

१६ नोव्हेंबर

आज डोकं तापलंय. लिहिताना पेनानं कागद फाटेल.

आण्णांच्या जागी बूथ आता जोतीराम काकांकडं — आण्णांचे चुलत भाऊ. आमच्याच सोप्यात बैठक भरवली. आमचाच चहा प्यायला. आणि मी आत आहे हे ठाऊक असून मोठ्यानं म्हणतात, "अमृत, यंदा एक काम कर. सुनंला मताला धाडूच नगं. म्हंजी फेटाबी यील आन मागचं कुणाचं हुतं त्येबी कळंल."

वा रे हुशारी! म्हणजे मी घरी बसले आणि भोपळा पडला, तर मागचं मत माझं. मी गेले आणि एक पडलं, तरी माझंच. आणि आमचे हे? माझा लग्नाचा नवरा? कपबश्या गोळा करत होते! रात्री विचारलं तर म्हणतात, "जाऊ दे गं, एका मतानं काय हुतंय."

काय होतंय? पाच वर्षं पाण्याला गेलं की बायका कुजबुजतात. हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी चिमटा काढतंच. साहेबांचं भाषण असलं की मला पुढं बसवतात, तोंड कसं होतंय ते बघायला. मला ह्या गावात माझं नाव धुऊन हवंय. दुसरं काही नको.

१८ नोव्हेंबर

आण्णांचा फोन. ऑपरेशन होऊन तीन दिवस झालेत, आवाज अजून बारीक आहे. कुणी कळवलं कोण जाणे. अमृतला म्हणाले स्पीकर लाव. "क्रांतीला मताला जाऊ द्या. तिला घरात कोंडली तर गाठ माझ्याशी हाय. जोत्यालाबी सांग."

मला भरून आलं. म्हटलं, आण्णा, मत साहेबांनाच देते, काळजी करू नका. तिकडं खाकरणं ऐकू आलं. मग म्हणाले, "तुझं मत हाय पोरी. तुला वाटंल तितं दे." आणि फोन ठेवला.

२० नोव्हेंबर, बुधवार

गेले! सकाळी सकाळीच गेले, ठेवणीतली इरकल नेसून.

जोतीराम काका शाळेच्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसलेले. माझ्याकडं बघून शेजारच्याला म्हणतात, "आली बापूंची भैन." शेजारचा हसला. रांगेतल्या बायाही हसल्या. लीलाबाई तर पदर तोंडाला लावून.

खरं सांगते, घरातनं निघाले तेव्हा साहेबांनाच द्यायचं होतं. आण्णांना शब्द दिलेला. पण ते हसणं ऐकलं आणि काहीतरी तटकन तुटलं आत. म्हटलं, पाच वर्षं न खाल्लेल्या शेणाचा वास सोसला. आता खाऊनच बघू!

दाबलं. बापूंचं! मशीनच्या काचेत चिठ्ठी दिसली, बापूंचं चिन्ह, ठसठशीत. हसू फुटत होतं. बाहेर आले तर काका म्हणतात, "दिलं का नीट?" मी म्हटलं, "अगदी नीट!"

घरी येऊन जिलबी खाल्ली.

२१ नोव्हेंबर

आता भीती वाटायला लागलीय. मागचा जो कोण आहे, त्याचं एक आणि माझं एक. बापूंना दोन पडणार. गाव म्हणणार, बघा, सुनेनं नवऱ्यालाही फितवला! बिचाऱ्या अमृतचं नाव उगाच खराब होणार. आणि आण्णांचा फेटा — तो मीच घालवला, ह्या वेळी खरोखर मीच. त्यांनी माझी बाजू घेतली आणि मी हे केलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

साहेब आले निवडून. मताधिक्य मागच्यापेक्षा कमी, पण गुलाल तो गुलाल. जेसीबीच्या बकेटमधनं उधळत होते. अमृत मोजणीला गेले होते, तिथनंच आमच्या बूथचा आकडा घेऊन आले. दारात चप्पल काढता काढता म्हणाले, "साहेबांना सगळी. बापूंना एक."

एक?

मी परत विचारलं. एकच! दोन नाहीत.

जोतीराम काका अंगणात येऊन नाचले. "सांगितलं न्हवतं? सून घरात ठेवा म्हणालो हुतो का न्हाई?" अमृत प्रथमच त्यांच्या अंगावर गेले. "काका, माझ्या बायकूचं नाव घेऊ नगा." इतकं बरं वाटलं! पण वेळ काय निवडली माणसानं. ज्या दिवशी काका खरं बोलतायत, त्याच दिवशी!

बरं, पण ते पहिलं मत गेलं कुठं? यंदाचं एक माझं. म्हणजे मागच्या वेळी ज्यानं दिलं, त्यानं यंदा दिलं नाही. मन बदललं? का घाबरला? पाच वर्षांत काही म्हातारी माणसं गेली, त्यातलं कुणी होतं का? लीलाबाईंचे मालक? ते तर साहेबांच्या फोटोला उदबत्ती लावायचे. काही उलगडा होत नाही.

आण्णांना मी काही कळवलं नाही. बाकीच्यांनीही नाही. फेटा गेला म्हणून म्हाताऱ्याला त्रास नको.

२६ नोव्हेंबर

आण्णा घरी आले. सोप्यात खाट टाकली. अमृत औषधं आणायला गेले, आत्याबाई चुलीपाशी. मी चहा घेऊन गेले तर मला खुणेनं जवळ बोलावलं. विचारतात कसे, हळूच — "गावात बापूला किती पडली?"

मी मान खाली घालून म्हटलं, "एक."

म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला! "पडलं? कुणीतरी दिलं म्हणायचं. लय बरं झालं. एका तालमीत अंगाला माती लावलीया बापूनं आन म्या. एका ताटात जेवलोय. माझ्या गावात त्याला भोपळा... न्हाई बघवत गं."

कपबशी हातात तशीच धरून मी चुलीकडं बघून घेतलं. म्हटलं, "आण्णा, यंदाचं माझं हाय."

आण्णांनी उशीवरनं मान उचलली. मग डोळे मिटून म्हणाले, "मागलं माझं हुतं, पोरी."

पाया पडावं का चहा डोक्यावर ओतावा, काही कळेना!