जात्यावरचं इंग्रजी

आष्टा, ता. १७ जून १९४५

तीर्थरूप दादासो यांस,

धाकट्या अंजनाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. छावणीचं पाणी मानवतंय ना? गुडघा कसा आहे? (वहिनी म्हणतात, पत्रात गुडघ्याचं अवाक्षर नसलं की तो नक्की दुखत असतो.) इकडे सगळे खुशाल. उसाची भरणी झाली, म्हैस व्याली, आणि मी मॅट्रिक झाले. इंग्रजीसकट! शेवटचं वाक्य पुन्हा वाचलंत तरी ते तेच राहील.

दिवाळीत ओसरीवर सगळ्यांदेखत तुम्ही म्हणाला होता, "अंजे, त्रेचाळीस वर्साची झालीस, आता विंग्रजी शिकून लाटसायबाशी भांडणार हाईस व्हय?" मी तुमच्या ताटात आणखी दोन चकल्या वाढल्या. मला भांडायचं नव्हतंच. मी शिकवते त्या शाळेतल्या मुली चौथी झाल्या की घरी बसतात. मुलांच्या इंग्रजी वर्गात त्यांना धाडायला कोणी राजी नाही. स्कूल बोर्ड म्हणालं, मुलींचा निराळा वर्ग काढू, पण शिकवणारी बाई मॅट्रिक हवी आणि पटावर दहा मुली हव्यात. अख्ख्या गावात शिकवणारी बाई मी एकटीच. म्हणजे मी नापास झाले असते तर त्या मुलीही नापास झाल्या असत्या, परीक्षेला न बसता.

बाकी सगळं पाठ झालं. गाडं रुतलं ते जेरंड आणि इन्फिनिटिव्ह यांपाशी. एका क्रियापदामागं दुसरं आलं, की त्याच्या शेपटाला 'इंग' बांधायचं की पुढं 'टू' उभा करायचा? पुस्तकात नुसत्या याद्या. रोज पाठ करायची आणि रोज विसरायची. शेवटी आमच्या धाकट्या जाऊबाई, धोंडुबाई, पहाटे दळताना म्हणाल्या, "आवं अक्का, पोरी कुठल्या घरला दिल्या ते कवा इसरतोय का आपन? तसंच हाय की ह्ये." त्यांना इंग्रजी अक्षर येत नाही; पण दोन पायल्या जोंधळे पिठात पडेपर्यंत त्यांची ओवी तयार होती:

फिनिश, एन्जॉय, माइंड गं
इंगाच्या घरला दिल्या,
होप, विश, वॉन्ट बाई
टूच्या मागनं गेल्या.

(लाइक आणि बिगिन दोन्ही घरी नांदतात. त्यांच्यावर निराळी ओवी आहे, ती तुम्हाला लिहून पाठवण्यासारखी नाही.) चार महिने आम्ही जात्याच्या दोन बाजूंना बसून इंग्रजी दळलं. दळता दळता माझ्या एक ध्यानात आलं. जे हाती चाललंय किंवा होऊन गेलंय ते बहुतेक इंगाकडे जातं, आणि जे अजून व्हायचंय ते टूकडे. आम्हा बायकांचं सारं आयुष्य इंगाच्या घरी जातं, दादासो. सारवणं, भरवणं, वाट पाहणं. टूच्या घरी मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते.

पण सांगलीला परीक्षेत पेपर पुढ्यात आला आणि ओवी आठवेना! मग कळलं, हात फिरल्याशिवाय ती यायचीच नाही. उजव्या हातात टाक, म्हणून डावा हात बाकावर गरगर फिरवू लागले. अंग डोलू लागलं, ओठ हलू लागले, आणि इंग-टू भराभर कागदावर उतरू लागले.

वार मंगळवार. माझे केस मोकळे, कारण सकाळी न्हाले होते. आम्हा तीन बायकांना निराळ्या खोलीत बसवलं होतं आणि पाणी द्यायला हरणाबाई म्हणून एक बाई होत्या. त्यांनी मला पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि थेट माझे पाय धरले. "आई, औंधाची देवी का तू? माझा ल्योक धुळा लढाईवर हाय. कवा यील गं?"

घड्याळात वीस मिनिटं उरलेली. मी देवी नाही हे सांगायला तेवढी पुरली नसती. पण खरं सांगते, त्यांचा चेहरा पाहून माझ्याच तोंडून निघून गेलं, "येईल, बाई. येईल." एवढ्यात पहाऱ्यावरचे मास्तर धावत आले. हरणाबाई दारात आडव्या. "आवं मास्तर, मागं सरा! आधी पायतान काडा!" मास्तरांनी वहाणा काढल्या, हात जोडले आणि घंटा होईपर्यंत उंबऱ्याबाहेर तसेच उभे राहिले. मी सगळा पेपर सोडवला.

खोटं बोलल्याची टोचणी मात्र पुढे कितीतरी दिवस राहिली. गेल्या आठवड्यात सर्व्हिस मोटारीनं हरणाबाईंकडून नारळ आणि खण आले, सोबत निरोप. धुळाचं पत्र आलंय, तो सुखरूप आहे. नारळ देवापुढे ठेवला आणि निकाल लागला त्या दिवशीसुद्धा रडले नव्हते तेवढी रडले.

तुमची,
अंजना

ता. क. पटावर नऊच मुली आहेत. तुमची मनू पुढच्या महिन्यात अकरा वर्षांची होईल. तिच्या सोयरिकीचं तुम्ही पाहताय असं कळलं. दोन वर्षं थांबा, एवढंच मागणं. फॉर्म सोबत आहे, पालकाच्या जागी सही करून धाडा.

आणखी एक. मनू परवाच इथं आली. वहिनींनी आणून सोडली, त्यांना रागावू नका. तुमची सही लांबली तरी हरकत नाही. दुसऱ्या एका फॉर्मवर वहिनींचा अंगठा घेतलाय, आणि आईचा अंगठा बोर्डाला चालतो हे मी आधीच विचारून ठेवलं होतं.