आईचा सात मेणबत्त्यांचा मुकुट

१३ डिसेंबर, संध्याकाळ

जिंकले! आईचा लूसियाचा, म्हणजे तिच्या माहेरचा उजेडाचा सण आज पहिल्यांदा घराबाहेर झाला, सोसायटीच्या हॉलमध्ये.

बाबांशी लग्न करून आई स्वीडनहून बेंगळुरूला आली, त्याला पन्नास वर्षं होतील. तेव्हापासून हा सण जे. पी. नगरच्या आमच्या स्वयंपाकघरातच. यंदा ती म्हणाली, "आता हे माझ्याबरोबर संपणार." मग मी हट्टालाच पेटले.

माझी लेक सई गात गात आली. पांढरा झगा, कमरेला लाल फीत आणि डोक्यावर मुकुट! इथल्याच शिवाजीनगरला आईनं घडवून घेतलेला तोच पितळी मुकुट, त्यात सात पेटत्या मेणबत्त्या. केशराचे वळसेदार पाव आईनं पहाटेच भाजले होते. सगळं अगदी तिच्या शिस्तीत.

गाणं संपवून सई चौरंगावर बसली आणि शेजारच्या शारदाक्का उठल्या. "स्वल्प थांब गं," म्हणत त्यांनी चपला काढल्या, मुकुटाच्या ज्योतींवर हात धरले आणि आरतीसारखे डोळ्यांना लावले. मागोमाग अख्खा हॉल!

मी आईकडे पाहिलं. पावाचा वळसा चुकला तरी पुन्हा करायला लावणारी आई. "असं नसतं," म्हणणार. म्हणालीच. पण उठली, आणि सगळ्यांच्या शेवटी तिनंही हात धरले, डोळ्यांना लावले. डोळे ओले होते का? की मुकुटाच्या उजेडानं तसं वाटलं?

घरी येताना एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी लोकांना नीट रांगेत उभं करा."

पुढच्या वर्षी, म्हणाली!