मेतवल्लीची मेणबत्ती

२ मार्च, शनिवार. दुपारी.
हनादीला मुलगा झाला. मी आजोबा! अख्ख्या तान्टा शहरात माझ्याइतका समंजस आजोबा नसेल. ठरवलं: बाळाच्या नावाबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

संध्याकाळी ७.
फक्त एकदाच सुचवलं. मेतवल्ली. ते माझं नाव आहे हा योगायोग. हनादी म्हणाली, "बाबा, हसवू नका हो, टाके दुखतात." आनंद माणसाला आवरत नाही.

३ मार्च.
आमच्या इजिप्तमध्ये पोराच्या नावापुढे बापाचं लागतं, त्यापुढे बापाच्या बापाचं. म्हणजे व्याही फतहल्ला फुकटात जन्मभर चिकटले. आईच्या बापाला कागदावर जागाच नाही. मला त्याचं काही नाही. फक्त नोंद.
जावई हाझेम म्हणाला, "सातव्या दिवशी एकेका नावाची मेणबत्ती लावूच की, मामा. जिची ज्योत शेवटपर्यंत टिकेल तिचं नाव." गुणी मुलगा. लग्नापासून त्याच्याबद्दल या वहीत जे जे लिहिलं ते मागे घेतो.

५ मार्च. सकाळी ९ ते ११.४०.
बाथरूममध्ये शास्त्रीय चाचणी. चार दुकानांच्या चार मेणबत्त्या, एक घड्याळ. इन्साफ बाहेरून म्हणाली, "अहो, लाइट आहे घरात!" संशोधकाची बायको होणं सोपं नाही.
न्हावी म्हणतो, गारठवलेली मेणबत्ती दुप्पट चालते. सर्वांत जाड होती ती फ्रीजरमध्ये ठेवली, भेंडी आणि बारशाच्या जेवणासाठी साफ केलेल्या कबुतरांच्या मधोमध. यात लबाडी नाही. तयारी आहे.

६ मार्च.
इन्साफला मेणबत्ती सापडली. नुसती बघत राहिली. बहुतेक अभिमान.

८ मार्च, शुक्रवार. बारसं.
घर भरलेलं. रिवाजाप्रमाणे बाळ चाळणीत, हनादी त्याला सात वेळा ओलांडून गेली. इन्साफने कानाशी पितळी खलबत्ता घणघणवला: "आईचं ऐक, आजीचं ऐक, आजोबांचं ऐकलं नाहीस तरी चालेल!" सगळे हसले. मीही. मोठ्या मनाने.
मग मेणबत्त्या. अदहम, झियाद, मेतवल्ली. माझी वात ओली. चर्र्... गेली. पुन्हा लावली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा फतहल्ला म्हणाले, "व्याही, मेणबत्ती आहे की सिगारेट?" चौथ्यांदा छान पेटली. मी अदहमच्या दिशेने किंचित खोकलो (जुना दमा). विझली ती माझीच.
अदहम जिंकला. वाऱ्याची दिशा संशयास्पद होती. हनादीला सांगितलं, फेरलढत घेऊ. ती म्हणाली, "बाबा, शेंगदाणे खा."

९ मार्च.
लसीच्या कागदांत बाळाचा जन्मदाखला सापडला. नाव: अदहम हाझेम फतहल्ला. नोंदणीची तारीख: ४ मार्च.
४ मार्च!
इन्साफला विचारलं. ती भेंडी चिरत म्हणाली, "सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही इतक्या हौसेने मेणबत्त्या आणल्यात, कुणालाच सांगवेना."
हाझेमला फोन केला. निदान माझं नाव ऑफिसात कुणी काढलं तरी का? "काढलं ना मामा, शपथ! मीच काढलं. कारकून म्हणाला, बाळाचं नाव सांगा, पणजोबांचं नको."
जेवलो नाही. (नंतर थोडं जेवलो.)

१० मार्च.
हनादीने बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि आंघोळीला गेली. मग, कुणी नाही असं बघून, हाक मारली: अदहम. त्याने डोळे उघडून थेट माझ्याकडे पाहिलं. ओळखलं मला.
इन्साफ दारात उभी होती. म्हणाली, "अहो, आठ दिवसांचं पोर ते. वीतभर अंतरापलीकडचं दिसत नाही त्याला."
मी चष्मा काढला आणि तोंड वीतभर अंतरावर नेलं.