चमच्यामागं एक शब्द

रुआबांधा, भिलाई

ति. गयाबाईले फकिराचा नमस्कार.

आईची काळजी करू नोको. दवाखान्यातून घरी आणली आहे. लकव्यानं उजवा हात ढिला पडला, पण तो हळूहळू हलाले लागन म्हणतात.

गिळायचं तेवढं जरा पाहावं लागते. पहिल्या दिवशी मी वाटाण्याची डाळ आपल्या घरच्यासारखी पातळ केली. दुसऱ्याच चमच्याले ठसका लागला अन् ओठ निळे पडले. डाक्टरीणबाई म्हणे, पातळ काहीच देऊ नका, श्वासनळीत जाते. घट्ट सूप करा.

आता ड्यूटीवरून आलो का डाळ अन् गाजर कुकरात मऊ शिजवतो, मिक्सरमधून काढतो, चाळणीनं गाळतो. चमचा वाकडा केला तर हळूच घसरलं पाहिजे, तेवढं घट्ट ठेवतो. जिऱ्याची फोडणी चालन का, तू सांग. आईच्या हातची चव तुलेच माहीत आहे.

एक चमचा देतो अन् गळा हलला का पाहतो. मग तिले काहीतरी बोलाले लावतो. आवाज घरघरला तर थांबायचं, साफ आला तर दुसरा चमचा. तोवर चमचा वाटीतच ठेवतो.

भाऊजी बरे आहेत ना? धानाची रोवणी आटोपली का? तुहं अन् आईचं कावून बिनसलं, ते मी विचारत नाही.

काल तिनं अकरा चमचे घेतले. दर चमच्यामागं मी म्हटलं, बोल आई, काहीबी बोल. अकराही वेळा ती ‘गया’ म्हणाली.

आवाज साफ होता.

तुहा लहाना भाऊ,
फकिरा